डेअर (द ह्यूमन लीगचा अल्बम)

डेअर हा इंग्लंडमधील शेफील्ड शहरातील द ह्यूमन लीग या सिंथ-पॉप संगीतसमूहाचा तिसरा स्टुडिओ अल्बम होय. व्हर्जिन रेकॉर्ड्स या कंपनीने तो १६ ऑक्टोबर १९८१ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित केला. मार्टिन रशेंट आणि द ह्यूमन लीग यांनी त्याची निर्मिती केली. अल्बमच्या नावाचा अर्थ 'धाडस करणे' असा आहे. वर्षभरापूर्वी या समूहात फूट पडून संगीताची बाजू सांभाळणारे दोन्ही संस्थापक सदस्य बाहेर पडले होते. मागे राहिलेल्या दोघांपैकी एक गायक होता, तर दुसरा मंचावर पारदर्शिका दाखवणारा. या परिस्थितीतून उभा राहिलेला हा अल्बम ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्यातील 'डोन्ट यू वॉन्ट मी' हे गीत ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानी गेले. सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांच्या बळावर लोकप्रिय संगीताचा संपूर्ण अल्बम घडवता येतो, हे व्यापक श्रोतृवर्गापर्यंत पोहोचवणाऱ्या कृतींमध्ये 'डेअर'ची गणना होते.

संक्षिप्त माहिती
- कलाकार: द ह्यूमन लीग
- प्रकार: सिंथ-पॉप
- ध्वनिमुद्रण: १९८१, मुख्यतः जेनेटिक साउंड स्टुडिओ, बर्कशर
- निर्माते: मार्टिन रशेंट, द ह्यूमन लीग
- प्रकाशक: व्हर्जिन रेकॉर्ड्स (ब्रिटन), ए अँड एम रेकॉर्ड्स (अमेरिका)
- आधीचा अल्बम: ट्रॅव्हलॉग (१९८०)
- नंतरचा अल्बम: हिस्टीरिया (१९८४)

== पार्श्वभूमी ==

शेफील्ड हे उत्तर इंग्लंडमधील पोलाद उद्योगाचे शहर. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग करणाऱ्या तरुणांची एक पिढी तयार झाली. सिंथेसायझर हे वाद्य तोवर मोठ्या, श्रीमंत कलाकारांच्या आवाक्यातले मानले जाई. जपानी कंपन्यांनी स्वस्त यंत्रे बाजारात आणल्यावर ते सामान्य नोकरदार तरुणांनाही परवडू लागले. मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे दोघे याच पिढीचे प्रतिनिधी होत. त्यांनी १९७७ मध्ये समूहाची स्थापना केली. गायक म्हणून त्यांनी वेअर यांचे शाळासोबती फिलिप ओकी यांना बोलावले. ओकी त्या वेळी रुग्णालयात हमालाचे काम करीत असत आणि त्यांना गायनाचा कोणताही अनुभव नव्हता. समूहाचे नाव एका विज्ञानकथेवर आधारित पटखेळातून घेतले होते.

'बीइंग बॉइल्ड' हे त्यांचे पहिले सिंगल १९७८ मध्ये एडिंबरा येथील फास्ट प्रॉडक्ट या छोट्या कंपनीने प्रकाशित केले. त्या कंपनीचे संस्थापक बॉब लास्ट पुढे समूहाचे व्यवस्थापक झाले. समूहात गिटार आणि ढोल नव्हते. मंचावर वादकांच्या हालचालीही फारशा नसत. ही उणीव भरून काढण्यासाठी ॲड्रियन राइट हे पडद्यावर पारदर्शिका आणि चित्रफिती दाखवत. ते वाद्य वाजवत नसत, तरीही समूहाचे पूर्ण सदस्य मानले जात.

व्हर्जिन रेकॉर्ड्सशी करार झाल्यावर 'रिप्रॉडक्शन' (१९७९) आणि 'ट्रॅव्हलॉग' (१९८०) हे दोन अल्बम आले. जाणकारांनी त्यांची दखल घेतली आणि 'ट्रॅव्हलॉग' ब्रिटनच्या यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. मात्र एकही सिंगल मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय झाले नाही. त्याच सुमारास गॅरी न्यूमन यांच्यासारखे नंतर आलेले कलाकार याच प्रकारच्या यंत्रांवर अग्रस्थानी पोहोचत होते. समूहावरील कर्ज वाढत गेले आणि वेअर व ओकी यांच्यातील मतभेदही विकोपाला गेले.

== फूट आणि नवी जुळणी ==

१९८० च्या शरद ऋतूत, युरोपचा दौरा तोंडावर आला असताना, वेअर आणि मार्श समूहातून बाहेर पडले. 'द ह्यूमन लीग' हे नाव ओकी आणि राइट यांच्याकडे राहिले. त्या बदल्यात पुढील अल्बमच्या मानधनातील एक टक्का वाटा बाहेर पडलेल्या दोघांना देण्याचे ठरले. नावासोबत समूहाचे कर्ज आणि दौऱ्याची कायदेशीर जबाबदारीही या दोघांकडे आली. वेअर व मार्श यांनी ब्रिटिश इलेक्ट्रिक फाउंडेशन ही निर्मितिसंस्था स्थापन केली आणि गायक ग्लेन ग्रेगरी यांच्यासह हेवन सेव्हन्टीन हा नवा समूह उभा केला. संगीताचे जाणकार बाहेर गेल्यामुळे मागे उरलेल्यांना फारसे भवितव्य नाही, असे वृत्तपत्रांतून बोलले जाऊ लागले.

दौरा रद्द केला असता तर आयोजकांना नुकसानभरपाई द्यावी लागली असती, म्हणून ओकी यांनी थोड्याच दिवसांत नवी माणसे शोधली. वेअर यांचा वरच्या पट्टीतील साथीचा आवाज आता उपलब्ध नव्हता. त्या जागी एक स्त्री-आवाज घ्यावा, असा त्यांचा विचार होता. शेफील्डमधील 'क्रेझी डेझी' या नृत्यगृहात त्यांनी सुझन ॲन सली आणि जोअॅन कॅथरल या दोन मैत्रिणींना नाचताना पाहिले आणि त्यांना विचारणा केली. सली १७ वर्षांच्या, तर कॅथरल १८ वर्षांच्या होत्या. दोघीही शाळेत शिकत होत्या आणि दोघींनाही गायनाचा वा नृत्याचा व्यावसायिक अनुभव नव्हता. एका मुलीने पुरुषांच्या समूहाबरोबर परदेशी जाण्याऐवजी दोघींनी मिळून जावे, म्हणजे त्या एकमेकींकडे लक्ष देतील, असा विचार करून दोघींनाही घेण्यात आले. पालकांची संमती मिळाल्यावरच त्या दौऱ्यात सामील झाल्या. कळफलक वाजवण्यासाठी इयन बर्डन यांना मानधनावर बोलावण्यात आले.

दौऱ्यातील प्रेक्षकांपैकी अनेकांना जुना, पुरुषांचाच समूह अपेक्षित होता. काही ठिकाणी त्यांनी नव्या सदस्यांविरुद्ध उघड नाराजी दाखवली. तरीही दौरा पूर्ण झाला. दौऱ्यानंतर सली आणि कॅथरल यांना समूहाचे कायम सदस्य करण्यात आले. हा निर्णय पुढे समूहाच्या ओळखीचाच भाग झाला.

== निर्मिती ==

=== रशेंट यांची निवड ===

१९८१ च्या आरंभी व्हर्जिनला समूहाकडून तातडीने नवे गीत हवे होते. घाईत ध्वनिमुद्रित केलेले 'बॉइज अँड गर्ल्स' हे सिंगल फेब्रुवारीत प्रकाशित झाले आणि ४८ व्या क्रमांकावर थांबले. सली आणि कॅथरल यांची छायाचित्रे त्याच्या वेष्टनावर होती, परंतु गीतात त्यांचा आवाज नव्हता. समूहाला अनुभवी निर्मात्याची गरज आहे, हे यावरून स्पष्ट झाले. व्हर्जिनचे सायमन ड्रेपर यांनी मार्टिन रशेंट यांचे नाव सुचवले.

रशेंट यांची ख्याती तोवर गिटारप्रधान संगीताचे निर्माते अशी होती. द स्ट्रँग्लर्स आणि बझकॉक्स या समूहांचे अल्बम त्यांनी घडवले होते. मात्र बर्कशर परगण्यातील स्ट्रीटली या गावी त्यांनी 'जेनेटिक साउंड' हा स्वतःचा स्टुडिओ उभारला होता आणि तेथे संगणकनियंत्रित वाद्यांची नवी सामग्री जमवली होती. बझकॉक्सचे पीट शेली यांच्यासोबत 'होमोसेपियन' या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी याच सामग्रीचा वापर केला होता.

ओकी आणि बर्डन यांनी रचलेले 'द साउंड ऑफ द क्राउड' हे या जोडणीचे पहिले फळ. समूहाने आणलेले प्राथमिक ध्वनिमुद्रण रशेंट यांनी बाजूला ठेवले आणि सगळे काम नव्याने सुरू केले. एप्रिल १९८१ मध्ये प्रकाशित झालेले हे गीत ब्रिटनमध्ये १२ व्या क्रमांकावर गेले. समूहाला मिळालेले हे पहिले मोठे यश होते. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून सहा जणांचा नवा समूह देशभर दिसला. बर्डन आता कायम सदस्य झाले होते. सहावे सदस्य जो कॅलिस हे द रेझिलोज या स्कॉटिश समूहाचे माजी गिटारवादक. सुरांची आणि स्वरसंगतींची जाण असलेला रचनाकार समूहाला हवा होता. कॅलिस यांनी गिटार बाजूला ठेवून सिंथेसायझर शिकून घेतला.

=== यंत्रे आणि कार्यपद्धती ===

'डेअर'चे वाद्यसंगीत सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांवर आधारलेले आहे. त्यात गिटार किंवा प्रत्यक्ष ढोलवादन नाही. त्यासाठी वापरलेल्या यंत्रांपैकी दोन विशेष महत्त्वाची होती.

पहिले यंत्र म्हणजे रोलँड कंपनीचे 'एमसी-८ मायक्रोकंपोझर'. १९७७ मध्ये बाजारात आलेले हे यंत्र स्वतः कोणताही ध्वनी निर्माण करीत नाही. ते विद्युत्दाबाच्या संकेतांद्वारे इतर सिंथेसायझरना कोणता स्वर केव्हा आणि किती वेळ वाजवायचा याच्या सूचना देते. या सूचना पियानोसारख्या पट्ट्यांवर वाजवून नव्हे, तर आकड्यांच्या कळा दाबून भराव्या लागत. प्रत्येक स्वराची उंची, पुढील स्वरापर्यंतचे अंतर आणि स्वर प्रत्यक्ष ऐकू येण्याचा काळ यांसाठी वेगवेगळे अंक द्यावे लागत. काही सेकंदांच्या संगीतासाठी बराच वेळ अशी आकडेमोड चाले. मात्र एकदा हे काम झाले की कोणत्याही वादकाला साधणार नाही इतक्या अचूकतेने ती स्वरावली पुन्हा पुन्हा वाजवता येई. एखादा स्वर किंचित आधी वा नंतर हवा असेल, तर केवळ एक आकडा बदलून ते साधता येई.

दुसरे यंत्र म्हणजे अमेरिकन अभियंता रॉजर लिन यांनी १९८० मध्ये आणलेले 'लिन एलएम-१' हे तालयंत्र. आधीच्या तालयंत्रांत ढोलाचा आभास निर्माण करणारे कृत्रिम ध्वनी असत. एलएम-१ मध्ये खऱ्या तालवाद्यांचे ध्वनी अंकीय स्वरूपात स्मृतिपट्टिकांवर साठवलेले होते. प्रत्येक वाद्याची उंची वेगळी जुळवता येत असे. हे यंत्र महाग होते आणि अगदी मोजक्या संख्येने बनवले गेले. त्याच्या ध्वनीवर आधारित सुरुवातीच्या अल्बमांमध्ये 'डेअर'चा समावेश होतो. या अल्बमचा कोरडा, ठसठशीत ताल पुढील काही वर्षांतील पॉप संगीतात सर्वत्र ऐकू येऊ लागला.

यांच्या जोडीला रोलँडची 'सिस्टिम ७००' आणि 'ज्युपिटर-४', तसेच कोर्ग व यामाहा या कंपन्यांचे सिंथेसायझर वापरले गेले. दुसऱ्या टोकाला कॅसिओचे 'व्हीएल-१' हे खेळण्यासारखे छोटे यंत्रही होते. त्यात गणकयंत्र आणि कळफलक एकत्र बसवलेले होते.

ध्वनिमुद्रण १९८१ च्या वसंत ऋतूपासून सप्टेंबरपर्यंत चालले. कामाची पद्धत चढत्या थरांची होती. प्रथम तालाचा आराखडा आखला जाई. त्यावर मंद्र स्वरावली, मग स्वरसंगती आणि मुख्य धून चढवली जाई. गायन शेवटी होई. सली आणि कॅथरल यांच्या शालान्त परीक्षा त्याच काळात होत्या. त्यामुळे त्यांना आपल्या भागाच्या ध्वनिमुद्रणासाठी शेफील्डहून बर्कशरपर्यंत ये-जा करावी लागे. दोघींचे गायन प्रशिक्षित नव्हते. ते घासूनपुसून गुळगुळीत करण्याचा प्रयत्न झाला नाही. काटेकोर यंत्रसंगीतावर दोन साध्या, नित्याच्या बोलण्यातल्यासारख्या आवाजांचा थर चढला. यंत्र आणि माणूस यांतील हा विरोध अल्बमच्या ध्वनीचे वैशिष्ट्य मानला जातो.

== गीते ==

समूहाच्या आधीच्या अल्बमांत विज्ञानकथा आणि भविष्यकाळ यांचे विषय ठळक होते. 'डेअर'मध्ये त्यांची जागा बव्हंशी प्रेम, मैत्री, नृत्य आणि प्रसिद्धी या विषयांनी घेतली. तथापि जुन्या अंधाऱ्या छटा पूर्णपणे नाहीशा झाल्या नाहीत.

पहिले गीत 'द थिंग्ज दॅट ड्रीम्स आर मेड ऑफ' हे प्रवास, खाणेपिणे, सोबती आणि छोटे आनंद यांची एक यादी आहे. कर्जात बुडालेल्या आणि टीकेचा विषय झालेल्या समूहाने अल्बमचा आरंभ इतक्या उघड आशावादाने करावा, ही बाब अनेक समीक्षकांना लक्षणीय वाटली. 'ओपन युअर हार्ट' हे गीतही त्याच मनोवृत्तीचे आहे. 'डार्कनेस' आणि 'डू ऑर डाय' या गीतांबरोबर पहिली बाजू संपते.

दुसऱ्या बाजूचा आरंभ 'गेट कार्टर' या १९७१ च्या ब्रिटिश चित्रपटाच्या शीर्षकधुनेने होतो. मूळ धून रॉय बड यांची आहे. येथे ती सुमारे एक मिनिटात, साथीविना वाजवली आहे. तिला जोडूनच येणारे 'आय ॲम द लॉ' हे गीत '२००० एडी' या चित्रकथा साप्ताहिकातील न्यायाधीश ड्रेड या पात्रावरून सुचलेले आहे. 'सेकंड्स' या गीताचा विषय २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे झालेली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची हत्या हा आहे. काही क्षणांत एका माणसाचे आयुष्य आणि एका राष्ट्राची मनःस्थिती कशी बदलते, यावर ते केंद्रित आहे. त्यानंतर 'लव्ह ॲक्शन' आणि शेवटी 'डोन्ट यू वॉन्ट मी' ही दोन प्रेमविषयक गीते येतात.

== मुखपृष्ठ ==

मुखपृष्ठाची कल्पना 'व्होग' या फॅशन नियतकालिकाच्या मुखपृष्ठांवरून घेतली आहे. विस्तीर्ण पांढऱ्या पार्श्वभूमीवर अगदी जवळून टिपलेला चेहरा, असे त्याचे रूप आहे. दर्शनी बाजूस ओकी यांचा चेहरा असून इतर सदस्यांची छायाचित्रेही त्याच पद्धतीची आहेत. छायाचित्रे ब्रायन आरिस यांची आहेत. चेहऱ्यांच्या चौकटी इतक्या घट्ट कापल्या आहेत की केशरचना जवळजवळ दिसत नाही. केशरचना सर्वांत आधी जुनाट वाटू लागते, म्हणून ती मुद्दाम वगळली, असे सली यांनी नंतर सांगितले आहे. प्रत्यक्षात चेहऱ्यावरील रंगभूषेनेच त्या काळाची खूण कायम ठेवली. पुरुष आणि स्त्रिया यांची रंगभूषा जवळपास सारखीच होती, हेही त्या वेळी चर्चेचा विषय ठरले.

== प्रकाशन आणि विक्री ==

अल्बमपूर्वीची सिंगल चढत्या क्रमाने यशस्वी होत गेली. जुलै १९८१ मध्ये आलेले 'लव्ह ॲक्शन' तिसऱ्या क्रमांकावर गेले. अल्बमच्या थोडे आधी आलेले 'ओपन युअर हार्ट' सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये 'डेअर' प्रकाशित झाला तेव्हा त्याची उत्सुकतेने वाट पाहिली जात होती. हेवन सेव्हन्टीनचा 'पेंटहाउस अँड पेव्हमेंट' हा पहिला अल्बम त्याआधी सप्टेंबरमध्ये आला होता. समीक्षकांनी त्याचीही प्रशंसा केली. तो १४ व्या क्रमांकापर्यंत गेला. मूळ समूहाच्या दोन शाखांची तुलना त्यामुळे अपरिहार्य झाली.

'डेअर' ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर एकूण चार आठवडे राहिला, मात्र हे आठवडे सलग नव्हते. शरद ऋतूत एकदा अग्रस्थान मिळाल्यावर 'डोन्ट यू वॉन्ट मी'च्या लाटेवर स्वार होऊन तो जानेवारी १९८२ मध्ये पुन्हा तेथे पोहोचला. ब्रिटिश ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने त्याला तिहेरी प्लॅटिनम प्रमाणपत्र दिले.

=== 'डोन्ट यू वॉन्ट मी' ===

एका किशोरवयीन मुलींच्या नियतकालिकातील चित्रकथा वाचून ओकी यांना या गीताची कल्पना सुचली. मूळ योजनेत ते एकट्या पुरुषाचे गीत होते. 'अ स्टार इज बॉर्न' या चित्रपटाच्या प्रभावाने त्याला संवादाचे रूप मिळाले. एका सामान्य नोकरी करणाऱ्या तरुणीला आपण प्रसिद्धीस आणले असा पुरुषाचा दावा, तर आपण आपल्याच बळावर पुढे आलो असते असे तिचे उत्तर, अशी त्याची रचना आहे. स्त्रीचा भाग सली यांनी गायला. या गीतातील नाते वरकरणी प्रेमाचे असले तरी ते मुळात सत्तेचे आहे, असे ओकी यांचे मत होते.

रशेंट आणि कॅलिस यांनी केलेले अंतिम मिश्रण ओकी यांना पसंत पडले नाही. ते अतिशय मऊ झाले आहे आणि हे अल्बममधील सर्वांत कमकुवत गीत आहे, असे त्यांना वाटले. याच कारणाने ते अगदी शेवटी ठेवण्यात आले. व्हर्जिनने मात्र ते चौथे सिंगल म्हणून प्रकाशित करण्याचा आग्रह धरला. आधीच तीन गीते विकत घेतलेल्या श्रोत्यांना फसवल्यासारखे वाटू नये, म्हणून सोबत मोठे रंगीत भित्तिचित्र द्यावे, अशी ओकी यांची अट होती. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी प्रकाशित झालेले हे सिंगल डिसेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि नाताळ धरून पाच आठवडे तेथे राहिले. व्हर्जिन रेकॉर्ड्सला ब्रिटनच्या सिंगल यादीत मिळालेले हे पहिले अग्रस्थान होय. ब्रिटनमध्ये त्याच्या १५ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

गीताची चित्रफीत स्टीव्ह बॅरन यांनी दिग्दर्शित केली. चित्रपटाच्या चित्रीकरणाचे चित्रीकरण, अशी तिची मांडणी आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्या 'डे फॉर नाइट' या चित्रपटावरून ती सुचली होती. तीही चित्रपटाच्याच फितीवर चित्रित करण्यात आली. त्यामुळे त्या काळच्या इतर चित्रफितींहून तिचे रूप वेगळे दिसते.

=== अमेरिकेतील प्रकाशन ===

अमेरिकेत हा अल्बम ए अँड एम रेकॉर्ड्सने १९८२ मध्ये प्रकाशित केला. केवळ संगीताच्या चित्रफिती दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी तेथे १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली होती. तिला अहोरात्र चित्रफितींची गरज होती आणि तशा चित्रफिती ब्रिटिश समूहांकडे मोठ्या संख्येने होत्या. 'डोन्ट यू वॉन्ट मी' जुलै १९८२ मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तीन आठवडे तेथे राहिले. अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. १९६० च्या दशकात बीटल्सने घडवलेल्या लाटेच्या धर्तीवर या काळातील ब्रिटिश संगीताच्या अमेरिकेतील प्रसाराला 'दुसरे ब्रिटिश आक्रमण' म्हटले जाते. त्याच्या आरंभीच्या टप्प्यांत या गीताचा उल्लेख केला जातो.

== प्रतिसाद ==

ब्रिटिश संगीत नियतकालिकांनी 'डेअर'चे सर्वसाधारणपणे स्वागत केले. सोपी, लक्षात राहणारी धून आणि नवे तंत्रज्ञान यांचा मेळ, हा गुण विशेष नावाजला गेला. काही जुन्या चाहत्यांनी मात्र समूहाने प्रयोगशीलता सोडून बाजारपेठेची वाट धरल्याचा आक्षेप घेतला. फेब्रुवारी १९८२ मध्ये ब्रिटिश ध्वनिमुद्रण उद्योगाच्या पुरस्कारांत समूहाला सर्वोत्तम नवोदित कलाकाराचा, तर रशेंट यांना सर्वोत्तम निर्मात्याचा सन्मान मिळाला. स्थापनेनंतर पाच वर्षांनी आणि तिसऱ्या अल्बमसाठी मिळालेला 'नवोदित' हा मान समूहाचा जणू पुनर्जन्मच नोंदवून गेला.

अशा संगीताच्या यशाने वादही निर्माण झाले. यंत्रे वादकांचा रोजगार हिरावून घेतील, ही भीती त्या काळी खरी होती. १९८२ मध्ये ब्रिटनच्या संगीतकार संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांच्यावर निर्बंध घालण्याचा ठराव केला. हा ठराव 'डेअर'ला उद्देशून नव्हता, तरी त्याच वातावरणाचा तो भाग होता. कळ दाबली की संगीत आपोआप तयार होते, असा समज रूढ होता. वस्तुतः 'डेअर'मधील प्रत्येक स्वरावलीमागे आकडे भरण्याचे आणि ध्वनी घडवण्याचे कष्टाचे काम होते. वादकाचे हस्तकौशल्य येथे कमी लागले, पण रचनाकाराच्या निर्णयांची संख्या उलट वाढली.

== लव्ह अँड डान्सिंग ==

जुलै १९८२ मध्ये 'लव्ह अँड डान्सिंग' हा अल्बम 'द लीग अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा' या नावाने प्रकाशित झाला. हे नाव अमेरिकन गायक बॅरी व्हाइट यांच्या 'लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा'वरून घेतले होते. त्यात मुख्यतः 'डेअर'मधील गीतांची नृत्यासाठी केलेली, बहुतांशी वाद्यसंगीताची रूपे आहेत. न्यूयॉर्कमधील ग्रँडमास्टर फ्लॅश यांच्या कामावरून रशेंट यांना ही कल्पना सुचली. अंकीय संपादनाची साधने त्या वेळी उपलब्ध नव्हती. त्यामुळे फितीचे बारीक तुकडे हातांनी कापून आणि जोडून हे परिणाम साधावे लागले. मिश्रफलकावर बसून निर्माता जुन्या ध्वनिमुद्रणातून नवी कृती घडवू शकतो, हे दाखवणारा हा आरंभीचा अल्बम म्हणून ओळखला जातो. ब्रिटनमध्ये तो तिसऱ्या क्रमांकावर गेला.

== नंतरचा काळ आणि वारसा ==

'डेअर'नंतर त्याच तोडीचे काही करून दाखवण्याचा ताण समूहावर आला. 'मिरर मॅन' (१९८२) आणि 'फॅसिनेशन' (१९८३) ही सिंगल ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेली. पुढील अल्बमचे काम मात्र लांबत गेले आणि मतभेदांमुळे रशेंट यांनी ते मध्येच सोडले. 'हिस्टीरिया' १९८४ मध्ये प्रकाशित झाला. तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला, तरी 'डेअर'इतके यश त्याला मिळाले नाही. रशेंट यांचे ४ जून २०११ रोजी निधन झाले.

यशाचा लाभ जुन्या ध्वनिमुद्रणांनाही झाला. १९७८ मध्ये फारसे कोणाच्या लक्षात न आलेले 'बीइंग बॉइल्ड' जानेवारी १९८२ मध्ये पुन्हा प्रकाशित होऊन सहाव्या क्रमांकावर गेले. 'डेअर'च्या विक्रीतून करारानुसार ठरलेला वाटा वेअर आणि मार्श यांनाही मिळाला.

राइट, बर्डन आणि कॅलिस कालांतराने समूहातून बाहेर पडले. नृत्यगृहात योगायोगाने निवडलेल्या आणि केवळ दौऱ्यापुरत्या बोलावलेल्या सली आणि कॅथरल मात्र ओकी यांच्यासह समूहाचा स्थायी गाभा बनल्या. २००७ च्या डिसेंबरमध्ये समूहाने दौरा काढून हा अल्बम मंचावर सलग सादर केला. चाळीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त २०२१ मध्येही असाच दौरा झाला. २०१२ मध्ये अल्बमची पुनर्संस्कारित आवृत्ती निघाली. 'मरण्यापूर्वी ऐकायलाच हवेत असे १००१ अल्बम' या प्रसिद्ध संदर्भग्रंथातही 'डेअर'चा समावेश आहे.

== गीतसूची ==

पहिली बाजू
1. 'द थिंग्ज दॅट ड्रीम्स आर मेड ऑफ' – ओकी, राइट
2. 'ओपन युअर हार्ट' – कॅलिस, ओकी
3. 'द साउंड ऑफ द क्राउड' – बर्डन, ओकी
4. 'डार्कनेस' – कॅलिस, राइट
5. 'डू ऑर डाय' – बर्डन, ओकी

दुसरी बाजू
1. 'गेट कार्टर' – रॉय बड
2. 'आय ॲम द लॉ' – ओकी, राइट
3. 'सेकंड्स' – कॅलिस, ओकी, राइट
4. 'लव्ह ॲक्शन (आय बिलीव्ह इन लव्ह)' – बर्डन, ओकी
5. 'डोन्ट यू वॉन्ट मी' – कॅलिस, ओकी, राइट

== सहभागी कलाकार ==

- फिलिप ओकी – गायन, सिंथेसायझर
- सुझन ॲन सली – गायन
- जोअॅन कॅथरल – गायन
- इयन बर्डन – सिंथेसायझर
- जो कॅलिस – सिंथेसायझर
- ॲड्रियन राइट – पारदर्शिका, सिंथेसायझर
- मार्टिन रशेंट – निर्मिती, यंत्रांची आज्ञावली
- ब्रायन आरिस – छायाचित्रण